पोलिसांची बुलेट आणि आखाजीचा मुहूर्त

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाने लांब पत्र पाठवलं आहे. नावगाव बाजूला ठेवून त्याचा गाभा सांगते. वय ३४, कृषी सेवा केंद्रात नोकरी, घरची चार एकर, त्यात दीड एकर केळी. जळगावात जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे त्यांनी बुलेट ३५० पाहिली. गाडी पोलीस खात्यातली, लिलावातून आलेली, पासिंग २०११ चं, असं त्यांना सांगितलं. भाव ७२ हजार, शिवाय ‘कागदाचे’ आठ हजार वेगळे. दहा हजार टोकन आज-उद्या द्या, नाहीतर बऱ्हाणपूरची पार्टी घेऊन जाईल, असा निरोप आहे. यांना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी दारात हवी आहे. वडील म्हणतात, या पैशात ठिबकच्या नळ्या बदलून होतील. धाकटा भाऊ म्हणतो, सरकारी गाडी आहे, डोळे झाकून घे. पत्नी आशा सेविका आहे. ती एवढंच म्हणाली, “दोघांना चालवता येईल अशी घ्या.” आणि पत्राच्या मधोमध एक वाक्य आहे: “चार वेळा भरतीला उतरलो, वय निघून गेलं, वर्दी मिळाली नाही, निदान गाडी तरी त्यांची असावी असं वाटतं.” गाडी घ्यावी का, हा त्यांचा प्रश्न.

भाऊ,

टोकनचे दहा हजार अजून दिले नसतील तर आधी ते थांबवा. दिले असतील तर आजच पावती मागा. तिच्यावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, दिलेली रक्कम आणि ‘नाव ट्रान्सफर न झाल्यास पैसे परत’ एवढं लिहून, सही करून घ्या. अमळनेरला माझ्या थोरल्या काकांचं दुचाकीचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या आहेत. घाई करायला लावणारं दुसरं गिऱ्हाईक हे या धंद्यातलं जुनं हत्यार आहे, हे मला तिथेच कळलं. चांगल्या गाडीचा मालक तुम्हाला आठ दिवस देतो, कारण तपासणीची त्याला भीती नसते.

आता सावकाश बोलू. तुमच्या घरात सगळ्यांनी एक शब्द गृहीत धरला आहे, तो म्हणजे ‘पोलिसांची’. मला आधी तोच तपासायचा आहे. ही गाडी पोलिसांची होती, की पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती? बाजारात दोन्हींना ‘पोलीस लिलावातली’ असंच म्हणतात आणि फसगत तिथूनच सुरू होते.

पहिल्या प्रकारची गाडी खात्याच्या मालकीची असते. जिल्हा पोलीस दलाच्या मोटार परिवहन विभागात तिची नोंद असते, आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मालक म्हणून बहुधा पोलीस अधीक्षकांचं नाव असतं. वापर संपला की ती निर्लेखित होते, म्हणजे सरकारी दप्तरातून कमी होते, आणि लिलावात निघते. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या तुम्ही रोज पाहता. आपल्याकडे कुठल्याही पोलीस ठाण्याच्या कुंपणालगत लिंबाच्या पाल्याखाली एक रांग गंजत पडलेली असते: अपघातातल्या, चोरीतल्या, दारूच्या केसमध्ये जप्त झालेल्या, कोणी सोडवायलाच न आलेल्या. त्यांचाही लिलाव होतो, आणि पुष्कळदा भंगार म्हणूनच होतो. त्यांचा खरा मालक कोण, मूळ नंबर कोणता, कोणाच्या कर्जाचा बोजा शिल्लक आहे, यातलं काहीच विकणाऱ्याला ठाऊक नसतं. नंबरच नसलेल्या किंवा खोटा नंबर निघालेल्या गाडीचीही नियमात सोय आहे. आरटीओ तिला लिलाव करणाऱ्या सरकारी विभागाच्या नावे नवा नंबर देते आणि मग ती घेणाऱ्याच्या नावावर चढते. पण ते काम लिलाव घेणाऱ्याने करायचं असतं. त्याने केलं नसेल तर पुढच्या माणसाच्या हाती कागद नसलेलं लोखंड येतं.

तेव्हा विक्रेत्याकडून फक्त नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव तिथे अर्धं झाकलेलं दिसतं, पण नोंदणीची तारीख, कुठल्या आरटीओची गाडी, विमा आहे की नाही, बोजा आहे का, एवढं कळतं. एमएच १९ म्हणजे जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार. एमपी ६८ किंवा एमपी ४६ असेल तर गाडी बऱ्हाणपूर-बडवानीकडची आहे. मग तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, इकडचा कर भरावा लागेल, आणि ‘आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांची’ ही गोष्ट तिथेच संपेल.

दुसरं गृहीतक तुमच्या भावाचं: सरकारी गाडी म्हणजे नीट राखलेली. तसं वाटणं साहजिक आहे. परेडला उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आपण पाहिलेली असते. पण त्या गाडीचा दिवस कसा जात असेल ते डोळ्यांपुढे आणा. तिला एक मालक नसतो. सकाळी एक शिपाई, रात्री दुसरा, बदली झाली की तिसरा, आणि प्रत्येकाचा क्लचचा हात वेगळा. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीपुढे ती चार-चार तास पहिल्या गिअरवर, अर्ध्या क्लचवर, माणसाच्या चालीने चालते. बुलेटचं इंजिन हवेवर थंड होतं आणि हवा लागायला गाडी पळावी लागते. आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा, नाक्यावर इंजिन चालू ठेवून उभी असलेली बुलेट आतून काय सोसते हे बोअर-पिस्टन उघडल्याशिवाय कळत नाही. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. मीटरची केबल तुटली की आकडा तिथेच थांबतो आणि गाडी चालतच राहते.

चालून झिजते त्यापेक्षा जास्त ती उभी राहून बिघडते. निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी, लिलाव या सगळ्यात गाडी मुख्यालयाच्या आवारात उन्हापावसात उभी राहते. टाकी आतून गंजते, रबरं कडक होऊन तडकतात, वायरिंग उंदीर कुरतडतात. मग कोणीतरी ती घेतं, हिरवा नाहीतर काळा रंग मारतं, क्रोम घासून लख्ख करतं. तुम्ही जे पाहिलं ते हे.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तुम्ही पाहिली असेलच. दत्तजयंतीला तिथे जाणकार घोडा कसा घेतो? झूल आणि गोंडे तो बघत नाही. जबडा उघडून दात बघतो, चारही खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो आणि मग रेतीत पळवायला लावतो. पळवून आणल्यावर पुन्हा जवळ जाऊन श्वास ऐकतो. गाडीचंही तसंच करायचं. ओळखीचा बुलेटचा मिस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. विक्रेत्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन थंड पाहिजे. गरम इंजिन पहिल्या किकला उठतं, खोड थंड इंजिनाची दिसते. सुरू झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरा. निळसर धूर आणि कागदावर तेलाचे ठिपके आले तर ऑईल जळतंय. टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघा, तांबूस गंज दिसेल तर दिसेल. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्ये खटकन अडकलं तर मानेतल्या बेअरिंगला खड्डे पडलेत. बुलेटच्या इंजिनमध्ये २०१० च्या सुमाराला मोठा बदल झाला. आधीच्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या स्टँडर्ड बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा, नंतरच्या एकसंध इंजिनाला पाच गिअर आणि ते डाव्या पायाला. २०११ चं पासिंग सांगून गिअर उजवीकडे असेल, तर हे इंजिन याच चेसिसचं आहे का, हे विचारायला हवं.

चेसिस नंबराची गोष्ट जरा थांबून सांगते. हँडलच्या मानेवर, फ्रेमच्या लोखंडात तो ठोकलेला असतो. काका तिथे पातळ कागद ठेवायचे आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायचे. आकडे पांढरे उमटायचे. आरटीओच्या कामाला अशी प्रिंट लागते, पण काकांचा हेतू वेगळा होता. एकदा एका देखण्या गाडीची प्रिंट काढताना मी कागद धरला होता. सगळे आकडे स्वच्छ आले, फक्त शेवटच्या तिन्हींच्या मागे बारीक आडव्या रेघा उमटल्या, जशा पाट्यावर उमटतात. काकांनी मला त्या बोटाने चाचपायला लावल्या. वरून रंग होता, डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण बोटाला लोखंड खोलगट लागत होतं. तिथे ग्राइंडर फिरला होता. काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “चहा पिऊन घे आन घरी जाय.” तुम्ही हा कागद आणि पेन्सिल खिशात घालूनच जळगावला जा. आकडे आरसीशी एकेक करून जुळवा, इंजिनाचेही.

आता कागद. माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकला आहे आणि त्याला कारण आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या यजमानांनी एका दलालाकडून लिलावातली मोटारसायकल घेतली होती. आरसी एका सरकारी कार्यालयाच्या नावे होती. दलालाने स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिली आणि सांगितलं, नाव होईल सावकाश. ती नोटरी आम्ही लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली जपून ठेवली होती. दीड वर्ष गाडी चालली. मग एका संध्याकाळी एरंडोल रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ आडवे आले. ते वाचले, पण मांडीचं हाड मोडलं. गाडीला विमा नव्हता, कारण आमच्या नावाने गाडीच नव्हती. त्यांच्या ऑपरेशनला माझे गोठ मोडले. पैसे आपणच द्यायला हवे होते, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्या रात्री पेटीतून काढलेली ती नोटरी वकिलांनी वाचली आणि टेबलावर परत ठेवली, ते मला अजून आठवतं. तिने मालकी बदलत नाही. मालकी बदलते ती आरटीओच्या दप्तरात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: अपघाताच्या भरपाईसाठी मालक कोण, तर नोंदणीत ज्याचं नाव आहे तो, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो.

लिलावातल्या गाडीचे कागद नेहमीच्या विक्रीसारखे नसतात. साधारण विक्रीत फॉर्म २९ आणि ३० लागतात. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२ लागतो. लिलाव घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत तो आरटीओत द्यायचा असतो. सोबत आरसी, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्रीचं प्रमाणपत्र आणि सरकारने लिलावाला परवानगी दिल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत. आता तुमच्या गाडीची साखळी जुळवून बघा. खात्याने लिलाव केला. कोणीतरी एकाने, बहुधा दहा-पंधरा गाड्यांचा लॉट एकदम, घेतला. त्याच्याकडून या विक्रेत्याने घेतली. आता तो तुम्हाला देतोय. त्या लॉटवाल्याने फॉर्म ३२ देऊन गाडी स्वतःच्या नावावर केली का? केली असेल तर आरसीवर त्याचं नाव आहे, तो २९-३० वर सही करेल आणि गाडी सरळ तुमच्या नावावर येईल. केली नसेल आणि आरसीवर अजून पोलीस अधीक्षकांचंच नाव असेल, तर तुमच्यासाठी सही करणार कोण? विक्रेत्याला नेमका हाच प्रश्न विचारा आणि उत्तर तोंडी घेऊ नका, आरसी हातात घ्या.

आणि या गाडीच्या बाबतीत याला एक मुदत आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नियम केला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला: सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांनी संपते, तिचं नूतनीकरण होत नाही, ती अधिकृत भंगार केंद्रातच जायची. सुरक्षा दलांच्या चिलखती आणि खास कामाच्या गाड्यांना सूट आहे, गस्तीची साधी मोटारसायकल त्यात येईल असं धरून चालू नका. २०११ मध्ये १५ मिळवा, २०२६ येतं. म्हणजे दप्तरात ही गाडी सरकारच्याच नावावर राहिली असेल, तर तिचा रस्ता त्या वर्षी बंद होतो आणि तुमचे ७२ हजार किलोच्या भावाने परत येतात. वेळेत खासगी नावावर चढली असेल तर गोष्ट वेगळी: मग इतर खासगी गाड्यांसारखी १५ वर्षांनी तपासणी होऊन पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, त्याची फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून जळगावच्या आरटीओत जाऊन खिडकीवर तीन गोष्टी विचारा: आज मालक कोण, नोंदणी कधीपर्यंत, आणि खासगी नावावर करताना काही कर निघतो का. तेवढ्यासाठी एक रजा पडली तरी चालेल.

‘कागदाचे आठ हजार’ कशाचे, तेही तिथेच कळेल. दुचाकीचं नाव बदलण्याची केंद्रीय नियमातली फी १५० रुपये आहे. उशिराचा दंड आणि कर निघाला तर वेगळा, पण तो पावतीवर येतो. ज्याची पावती नाही तो दलालाचा भाग.

विम्याचं एक फारसं कोणी सांगत नाही. सरकारी वापराच्या गाड्यांना मोटार वाहन कायद्यातच सक्तीच्या विम्यातून सूट आहे. त्यामुळे या गाडीचा विमा कधी काढलेलाच नसेल, आणि तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागेल. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दराने वर्षाला १३६६ रुपये आणि वर जीएसटी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. तिचं बुकिंग करताना चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे सरकारी नोंदीशी जुळावे लागतात, म्हणजे तुमच्या पेन्सिलच्या प्रिंटची तिथे आणखी एक परीक्षा होते. पीयूसी दर सहा महिन्यांनी.

तुम्ही लिहिलंय, विक्रेता म्हणाला की ‘पोलीस’ लिहिलेलं आणि सायरनची पट्टी राहू द्या, नाक्यावर-टोलवर कोणी अडवणार नाही. भाऊ, राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल मुळात नसतो. आणि खासगी गाडीला सायरन, लाल-निळा दिवा, पोलिसांचं चिन्ह यातलं काही चालत नाही. त्या जोरावर कुठे पोलीस असल्याचं भासवलं, तर भारतीय न्याय संहितेत कलम २०४ आणि २०५ त्यासाठीच आहेत. गाडी घेतलीत तर घरी नेण्याआधी ती अक्षरं पुसा, पट्टीचे बोल्ट काढा, रंग आरसीवर आहे तोच ठेवा. वेगळा केलेला असेल तर आरटीओत त्याची नोंद करून घ्या.

हे लिहिताना मला तुमचं ते मधलं वाक्य दिसत होतं. आपल्याकडे पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं मी रोज बघते. सोळाशे मीटर, गोळाफेक, मग लेखी, आणि यादीत नाव एक-दोन गुणांनी राहून जातं. चार वेळा त्यातून जाणं ही लहान गोष्ट नाही. वर्दी मिळाली नाही याचं दुःख धरून बसलात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मला तुम्हाला एक विचारायचं आहे. ती अक्षरं पुसून, पट्टी काढून, साधी काळी बुलेट म्हणून ती उभी केली, तर ७२ हजारांना घ्याल? मनातून ‘हो’ आलं तर तुम्हाला बुलेट हवी आहे, आणि बुलेट हवी असणं हे पूर्ण कारण आहे. ‘नाही’ आलं तर तुम्हाला जे हवं आहे ते त्या गाडीत नाही.

ते दुसरीकडे मात्र आहे. गावाच्या पोलीस पाटलाच्या पदाला वयाची अट २५ ते ४५ आहे, दहावी पास आणि त्याच गावचा रहिवासी असावं लागतं. जागा रिकामी झाली की प्रांत कार्यालयातून जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि तोंडी मुलाखत होते. तुमच्या गावचं किंवा शेजारच्या गावाच्या जोडीतलं पद रिकामं आहे का, कधी होणार आहे, याची चौकशी तुम्ही केली आहे का? आरक्षण कोणतं आहे तेही तिथेच कळेल. होमगार्डला दहावी पास आणि २० ते ५० वय चालतं. गणपतीच्या आणि निवडणुकीच्या बंदोबस्तात पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात ते हेच, आणि त्यांच्या अंगावर वर्दी असते. चार वेळा धावलेला, अभ्यास केलेला, गावात कृषी केंद्रामुळे शंभर घरांत ओळख असलेला ३४ वर्षांचा माणूस या कामांना योग्य नाही, असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. तुमच्यासारखे, वय गेलं म्हणून अभ्यासाची पुस्तकं माळ्यावर टाकलेले पुष्कळ जण हे वाचत असतील. त्यांनीही तहसील-प्रांत कचेरीचा सूचनाफलक बघत राहावा.

आता गाडीकडे परत. पोलिसांची बुलेट घेऊच नका असं मी म्हणत नाही. आरसी खासगी नावावर असेल, प्रिंट जुळली, मिस्त्रीने होकार दिला, तर २०११ चं इंजिन कामं करून पुढे बरीच वर्षं चालेल आणि त्याचे पार्ट जळगाव-धुळ्यात कुठेही मिळतात. पण मग भाव तसा बोला. मिस्त्रीला तिथेच बसवून टायर, चेनस्प्रॉकेट, क्लच प्लेट, बॅटरी, वायरिंग यांचा कागदावर हिशोब करा आणि ती रक्कम ७२ मधून कमी मागा. पैसे बँकेतून द्या आणि त्यातले निम्मे तरी, तुमचं नाव ऑनलाइन दिसेपर्यंत, हातात ठेवा. तो तयार नसेल तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं. सरकारी लिलाव तुम्ही स्वतःही घेऊ शकता, एमएसटीसी किंवा जेम या सरकारी संकेतस्थळांवर नोंदणी करून. पण तिथे बयाणा रक्कम आधी भरावी लागते, गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ मिळते, आणि बहुतेक वेळा अख्खा लॉट घ्यावा लागतो. एका गाडीसाठी मला ते तुमच्या गरजेचं वाटत नाही. बुलेटच हवी असेल तर एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसची पावती असलेली जुनी बुलेट शोधा. शिक्षक, बँकेतले लोक, निवृत्त फौजी यांच्याकडच्या निघतात. दोन-चार हजार जास्त जातील, पण सही करणारा माणूस समोर बसलेला असेल.

वडिलांच्या ठिबकबद्दल मी फार बोलणार नाही, शेत तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं. फक्त नळ्या खरंच फुटल्यात की अजून एक हंगाम निघेल, हे केळीच्या बागेत त्यांच्यासोबत फिरून ठरवा. घरात बसून ठरवू नका.

पत्नीचं वाक्य मात्र तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलं आहे, आणि मी ते तीनदा वाचलं. आशा सेविकेला लसीकरणाचा दिवस असतो, बाळंतिणीच्या घरी जायचं असतं, रात्री-अपरात्री फोन येतो. आज ती हे सगळं कशाने करते, पायी, रिक्षाने, की तुम्ही सोडता तेव्हा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बुलेटचं वजन पावणेदोनशे किलोच्या वर असतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर ती एकदा आडवी झाली की एकट्या बाईला उचलत नाही. जळगावला गाडी बघायला जाल तेव्हा भावाऐवजी तिला सोबत न्या. विक्रेत्याच्या अंगणात तिला ती डबल स्टँडवरून उतरवून पाहू द्या, दहा पावलं ढकलून पाहू द्या. नंतर तिथेच एखादी जुनी स्कूटीही दोघांनी चालवून बघा. आणि येताना रस्त्यात कुठेतरी शेवभाजी खायला बसाल तेव्हा तिला विचारा, की महिन्याभरात तिला किती वेळा आणि कुठे कुठे जावं लागतं.